माहेरच्या वाटेवर दोन गाड्या

कोल्हापूर ते रत्नागिरीजवळचं पावस, माझं माहेर, जाऊन-येऊन साधारण तीनशे किलोमीटर. अकरा वर्षं ही वाट मी माझ्या अव्हेंजर मोटरसायकलवरून केली. गेल्या दिवाळीत घरी पोचले आणि गाडीवरून उतरताच येईना. हेल्मेट काढून तशीच अंगणात बसून राहिले. आईला वाटलं, मी फोन बघतेय. कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत करंट जात होता. नंतर एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांमधली, एल-फोर एल-फाइव्हची चकती सरकलेली दिसली. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली नाही, "धक्के कमी करा" एवढंच म्हणाले. तेव्हापासून नवीन गाडीचा शोध सुरू झाला.

अव्हेंजरची सवय असल्यामुळे रॉयल एनफिल्डची मीटिओर ३५० डोळ्यांसमोर होतीच. तशीच ठेंगणी, पाय पुढे टाकून बसायची. दुसरं नाव माझ्या भाच्याने काढलं: त्याच कंपनीची, खडबडीत रस्त्यांसाठीची उंच हिमालयन ४५०. "आत्या, एकदा चालवून तरी बघ." मी बघायलाही तयार नव्हते. माझी उंची पाच फूट तीन इंच. मीटिओरची सीट ७६५ मिलिमीटरवर, हिमालयनची ८२५ वर. कागदावर सहा सेंटिमीटरचा फरक, पण एका गाडीवर दोन्ही टाचा टेकतात आणि दुसरीवर कसाबसा चवडा.

शोरूमचा अनुभव सांगायलाच हवा. तिथला मुलगा सगळं बोलणं ह्यांच्याशीच करत होता. ह्यांना गिअरची गाडी येत नाही, चालवणार मी आहे, हे दोनदा सांगून झालं तरी किंमत ह्यांना, मायलेज ह्यांना. टेस्ट राइड म्हणून दिली ती दोन किलोमीटर, तीही गुळगुळीत रस्त्यावर. मला त्याचा फार राग आला. मणक्याचं दुखणं घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला दोन किलोमीटरमध्ये काय कळणार? मऊ सीट पहिली दहा मिनिटं सगळ्यांनाच आवडते. फोम दबून खालचा टणक तळ कधी जाणवायला लागतो, ते दीड तासानंतरच समजतं.

म्हणून ठरवलं, दोन्ही गाड्या मागून आणायच्या आणि माझ्याच वाटेवर, माझंच सामान बांधून चालवायच्या.

आधी ह्यांच्या मित्राची मीटिओर आणली. बांबवडे, मलकापूरपर्यंत गाडी इतकी सुरेख चालली की मी मनातल्या मनात पैसेही मोजले. ऐंशीच्या वेगाला इंजिन शांत, पाचव्या गिअरवर टाकलं की हाताला काम नाही. ट्यूबलेस टायर, त्यामुळे पंक्चरची धास्ती नाही. आंब्याचा घाटही तिने तिसऱ्या-चौथ्या गिअरवर आरामात उतरवला. हे इंजिन कमी फेऱ्यांवरही ओढतं, वळणांवर सारखे गिअर बदलावे लागत नाहीत.

साखरप्याच्या पुढे चौपदरीकरणाची कामं, डायव्हर्जन, खडी. तिथे खरं काय ते कळलं. मीटिओरवर पाय पुढे असतात. पायांवर भार घेऊन अंग उचलता येत नाही. समोर खड्डा दिसतो, तो चुकणार नाही हेही दिसतं, आणि तरी माणूस बसल्या जागी तो धक्का खातो. चाकातून सीटमध्ये, सीटमधून थेट माकडहाडात. पालीला चहाला थांबले तेव्हा पोटरीतला करंट परत आला होता. म्हणजे इतकी वर्षं माझी कमर अव्हेंजरच्या वयामुळे नव्हे, तर तिच्यावरच्या बैठकीमुळे दुखत होती. आरामखुर्चीसारखी वाटणारी बैठक माझ्या पाठीला आराम देत नव्हती.

पंधरा दिवसांनी भाच्याची हिमालयन चालवली. पावसहून निघताना आई ओट्यावर उभी. "अगो, घोड्यावर चढतेस की काय!" खरंच तसं चढावं लागलं. आमच्या अंगणातून रस्त्यावर यायला जांभ्याचा चढ आहे, त्यावर बारीक वाळू. तिथे गाडी बंद पडली आणि उजवा पाय टेकायला गेले तर खाली जमीनच नाही. १९६ किलोची गाडी, वर सामान. भाच्याने मागून कॅरिअर धरलं म्हणून पडले नाही. काळजात धस्स झालं ते हातखंब्यापर्यंत गेलं नाही.

आणि मग तीच डायव्हर्जन, तीच खडी. या गाडीवर पाय सरळ शरीराखाली येतात. खड्डा दिसला की गुडघे किंचित ताठ करायचे, सीटवरून दोन बोटं वर उठायचं, आणि धक्का गुडघ्यांत विरतो. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनला २०० मिलिमीटरचा ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला तेवढी जागा, असल्यामुळे अर्धे खड्डे तर कळलेही नाहीत. घाटात मात्र इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरवत ठेवावं लागतं, मीटिओरइतकी ती आळशीपणाने चालत नाही. पेट्रोलही जास्त पितं. कोल्हापुरात घरी पोचले, उतरले, आणि स्वयंपाकाला उभी राहिले. पोटरी गप्प होती.

पण खांदे दुखत होते, आणि हा हिशोबही प्रामाणिकपणे मांडायला हवा. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक टपरीसमोर पाय कुठे टेकणार या काळजीने मी अंग आवळून बसले होते. भीतीनेही पाठ आखडते. फरक एवढाच की खांदे सकाळपर्यंत मोकळे झाले, आणि मीटिओरनंतर मात्र मी दोन दिवस गोळ्या घेतल्या होत्या.

पैशांचा प्रश्न मोठा होता. २०२५ च्या सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांना ४० टक्के. ३४९ सीसीची मीटिओर अलीकडे, ४५२ ची हिमालयन पलीकडे. दोघींत लाखभराच्या पुढे फरक. ह्यांनी एकच विचारलं, "बेंगळुरूला लेकीकडे कुठली घेऊन जाशील?" सहाशे किलोमीटर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग. तो रस्ता मीटिओरचा आहे, हे मी कबूल करते. पण बेंगळुरूला वर्षातून एकदा जाणं होईल. पावसला दर महिन्याला जायचंय. आई ऐंशीची आहे.

हिमालयन बुक केली, कमी उंचीच्या सीटसकट आणि ट्यूबलेस चाकांची. दुसऱ्या शोरूममधून. गाडी यायला वेळ आहे, तोवर रोज सकाळी अव्हेंजरवर सराव चाललाय: थांबायच्या आधीच पहिला गिअर, उजवा पाय ब्रेकवर, कंबर डावीकडे सरकवून फक्त डावा पाय खाली. काल पहिल्यांदा आमच्या गल्लीतल्या चढावर दहापैकी दहा वेळा जमलं. भाच्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "आत्या, अंगणातली वाळू मी झाडून ठेवतो."