ब्रायन मेचा आवाज, आपली गिटार: वायरिंग, बूस्टर आणि चार आणे

क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या घरी बनवलेल्या "रेड स्पेशल" गिटारचा आवाज आपल्या स्ट्रॅटछाप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या) गिटारवर आणायचा, हा प्रकल्प.

स्थिती: तिन्ही पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे भाग) सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडून झाले, सहाही स्विच चालतात. ट्रेबल बूस्टर (वरच्या सुरांना जोर देणारं पेडल) ब्रेडबोर्डवर वाजतोय, डब्यात जायचाय. डिलेच्या (प्रतिध्वनीच्या) चाचण्या सुरू. लाल रंगाचं काम यादीतून कायमचं काढलंय.

रंगाचं आधी सांगून टाकू, कारण "लाल नाही तर रेड स्पेशल कसली?" हा प्रश्न येणारच. ऑगस्ट १९६३ मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायननं वडील हॅरॉल्ड यांच्यासोबत ही गिटार बनवायला घेतली, ती फेंडर परवडत नव्हती म्हणून. नेक जुन्या फायरप्लेसच्या मॅहॉगनी फळीतून कोरली आणि किड्यांनी पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक, ट्रेमोलोला (दांडीनं सूर हलवायच्या यंत्रणेला) १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा, दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. फ्रेटबोर्डवरचे शिंपल्याच्या बटणांचे ठिपके सोडले तर यातलं काहीच शोभेसाठी नाही. जे हाताशी होतं त्यातून समोरची अडचण सोडवली, बस.

विशीत आवडत्या वादकाची नक्कल करण्यात लाज वाटायचं कारण नाही. खुद्द मेनं ती केली. लंडनच्या मार्की क्लबात आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरला गाठून त्यानं आवाजाचं गुपित विचारलं. उत्तर मिळालं: व्हॉक्स एसी३० हा अँप आणि डॅलस रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर. मेनं तीच जोडी घेतली, पण निघाला तो गॅलाघरचा आवाज नव्हता, कारण अलीकडच्या टोकाला घरी बनवलेली गिटार होती. म्हणून या प्रकल्पाच्या वहीत प्रत्येक भागापुढे दोन रकाने ठेवलेत: "त्यानं हे का केलं" आणि "आपल्याला ती अडचण आहे का". दुसऱ्या रकान्यात "नाही" आलं की तो भाग गळतो.

उदाहरणार्थ, बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअपमध्ये त्यानं अ‍ॅराल्डाइट ओतलं, कारण मोठ्या आवाजात ते शिट्टी मारायचे. आपल्या स्ट्रॅटछाप गिटारचे पिकअप मेण भरलेले आहेत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक केली तर अँपमधून जेमतेम ऐकू येतं. अ‍ॅराल्डाइट गळलं. एकदा ओतलं की कॉइल तुटल्यावर दुरुस्तीही नाही, हे वेगळंच.

सिरीज वायरिंग मात्र पहिल्या क्रमांकाचं. नेहमीच्या स्ट्रॅटमध्ये दोन पिकअप लावले की ते पॅरललमध्ये जातात; आवाज पातळ, काचेसारखा. सिरीजमध्ये आवाज वाढतो, मधले सूर भरतात, वरची धार थोडी उतरते. मे बहुतेक वेळ ब्रिज आणि मधला पिकअप इन-फेज (दोघांच्या लहरी एकाच दिशेनं) वापरतो, आणि तो जाड, गाणारा आवाज निम्मा इथेच आहे. प्रत्येक पिकअपला दोन स्लाइड स्विच लागतात, एक चालू-बंदसाठी, एक फेजसाठी. दोन्ही सहा पायांचे डीपीडीटी (एकदम दोन वाटा बदलणारे) घ्या, म्हणजे एकाच जातीचे सहा पुरतात.

फेजचा स्विच: पिकअपच्या दोन तारा मधल्या दोन पायांना, कडेचे चार पाय एकमेकांना तिरके जोडायचे आणि एका टोकाच्या जोडीवरून बाहेर न्यायचं. चालू-बंदच्या स्विचमध्ये बहुतेक जण फसतात. सिरीजमध्ये पिकअप बंद करायचा म्हणजे त्याची वाट तोडायची नाही, त्याची दोन टोकं एकमेकांना जोडून त्याला वगळायचं. वाट तोडली तर एक पिकअप बंद करताच अख्खी गिटार गप्प होते.

दुसरी गोची धातूच्या कव्हरची. कव्हर किंवा खालची पट्टी पिकअपच्या काळ्या तारेला जोडलेली असेल, तर फेज उलटवल्यावर तीच सिग्नलच्या बाजूला येते आणि हात लागला की घूं सुरू. तो जोड कापा आणि कव्हरसाठी स्वतंत्र तिसरी तार थेट ग्राउंडला न्या. प्लास्टिक कव्हर असेल तर सुटलात.

झाकण लावायच्या आधी जॅकवर मल्टिमीटर लावा, व्हॉल्यूम पूर्ण. पिकअप ६ किलोओहमचे आणि व्हॉल्यूमचं पॉट (फिरवायचा रोध) २५० किलोओहमचं असेल तर एक चालू असताना साधारण ५.९, दोन असताना ११.५ आणि तीन असताना १६.८ किलोओहम दिसायला हवं. पॉट समांतर असल्यानं पूर्ण ६, १२, १८ येत नाहीत. तिन्ही बंद असताना शून्य दिसतं, आणि तेच बरोबर आहे. फेज तपासायला काट्याचा मीटर उत्तम: एका वेळी एकच पिकअप चालू, मीटर डीसी मिलिव्होल्टवर, लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या पोलवर (चुंबकाच्या टोकावर) टेकवून झटकन उचला. तिन्ही वेळा काटा एकाच दिशेला उडाला तर स्विचची ती बाजू "इन-फेज" म्हणून खुणावून ठेवा.

आउट-ऑफ-फेजमध्ये आवाज अगदीच मेला तर पिकअपची उंची बघा. दोघांचा जोर तंतोतंत सारखा असला की ते एकमेकांना खाऊन टाकतात. नेकचा पिकअप १ मि.मी. खाली घेतल्यावर नाकातला, किंचाळणारा पण भरीव आवाज आला.

तारांबद्दल थोडक्यात. रेड स्पेशलची स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४ इंच, स्ट्रॅटची २५.५. त्यामुळे ९-४२ चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) तारांचा संच आपल्याकडे सुमारे १३ टक्के जास्त ताणला जातो आणि बेंड करताना बोटं कुरकुरतात. अर्धा स्वर खाली ट्यूनिंग केलं की ताण जवळपास तेवढाच होतो. नवा संच घ्यायची गरज नाही.

बूस्टर. रेंजमास्टरचं सर्किट एका ट्रांझिस्टरचं: इनपुटला ४.७ नॅनोफॅरड, बेसवर ४७० के (किलोओहम) आणि ६८ के, एमिटरला ३.९ के आणि ४७ मायक्रोफॅरड, कलेक्टरला १० केचं पॉट, बाहेर १० नॅनोफॅरड. तो छोटा इनपुट कपॅसिटर खालचे सूर आधीच गाळतो, म्हणून पूर्ण उघडलेला अँपही चिखल करत नाही. मूळ ओसी४४ हा जर्मेनियमचा ट्रांझिस्टर शोधत बसू नका. जुन्या ट्रांझिस्टर रेडिओतला एसी१२८ चालतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विचारून बघा, पण चार-पाच घ्या, कारण गळती (बंद असतानाही झिरपणारा प्रवाह) प्रत्येकाची वेगळी. बेस मोकळा ठेवून, २.२ के रोधातून कलेक्टर-एमिटरला ९ व्होल्ट द्या आणि रोधावरचं व्होल्टेज मोजा. ०.२२ व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँपिअर, उत्तम. ०.६६ च्या पुढे गेला तर बाजूला टाका.

आणि हे मोजमाप दुपारी करा. जर्मेनियमची गळती दर १० अंशांना ढोबळमानानं दुप्पट होते, म्हणजे जानेवारीच्या सकाळी पास झालेला नग मे महिन्यातल्या नागपुरात नापास. कलेक्टरवर ७ व्होल्टच्या आसपास हवेत. गरम झाल्यावर आकडा घसरतो, आवाज घोगरा होतो आणि सूर अर्ध्यात तुटतात. ६८ केच्या जागी १०० केचा प्रीसेट टाकलाय, ऋतूप्रमाणे पिळता येतो. ट्रांझिस्टर पीएनपी जातीचा असल्यानं इथे पॉझिटिव्ह ग्राउंड आहे. बाकी पेडल्सच्या सामायिक अ‍ॅडॉप्टरवर लावलात तर सरळ शॉर्ट. ९ व्होल्टची बॅटरीच वापरा.

पिकऐवजी मे जुना ब्रिटिश सिक्सपेन्स वापरतो: कप्रोनिकेल, साधारण १९ मि.मी., काठाला बारीक दाते. आजीच्या डब्यातला कप्रोनिकेलचा जुना चार आणा (२५ पैसे) जवळजवळ तेवढाच, त्यालाही दाते आहेत. गेंड्याचं चित्र असलेला स्टीलचा चार आणा नको: काठ गुळगुळीत, धातू कठीण, तारा लवकर झिजतात. नाणं सैल धरायचं. तारेला समांतर ठेवलं तर सूर मऊ येतो, थोडं तिरकं केलं की प्रत्येक सुराच्या तोंडाशी खर्र होतं, जणू सूर अडखळून मग बोलतोय. बूस्टर लावल्यावर हा फरक दुपटीनं कळतो.

डिले अजून अर्धवट आहे. मे दोन टेप-इको (टेपवरून प्रतिध्वनी देणारी यंत्रं) वापरून स्वतःशीच तिहाई (तिसऱ्या स्वराच्या अंतराच्या, तबल्यातली तिहाई नव्हे) स्वरांच्या सुरावटी रचायचा. त्याचे सोलो जसेच्या तसे बसवणं इथे थांबवलंय, त्याची पद्धत घेतलीय. सेटिंग: एकच प्रतिध्वनी, ८०० मिलिसेकंद, मूळ आवाजाइतकाच मोठा, फीडबॅक शून्य, मेट्रोनोम ७५. त्यावर भूप. (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला म्हणून क्वीन आपलीच, हा युक्तिवाद नको, भूप शाळेच्या प्रार्थनांपासून कानात आहे, एवढं कारण पुरे.) भूपात एक स्वर सोडून पुढचा घेतला की सा-ग एवढाच तिहाई पडतो, रे-प, ग-ध, प-सा, ध-रे हे सगळे चौथाई (चौथ्या स्वराचं अंतर). त्यामुळे मेचा गोड तिहाई थर इथे येत नाही, थोडा रिकामा, उघडा थर येतो.

नेहमीच्या ट्यूनिंगमधला सी हा सा धरून साखळी अशी: पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट, चौथीचा दुसरा, तिसरीचा दुसरा, दुसरीचा तिसरा, पहिलीचा तिसरा. म्हणजे सा ग ध रे प, दर ठोक्याला एक, आणि प्रत्येक स्वर आधीच्याच्या प्रतिध्वनीवर बसतो. सध्याची अडचण अशी की मागची तार गप्प केली नाही तर ती वाजत राहते आणि दोनऐवजी चार स्वर एकदम ऐकू येतात. डाव्या हाताचं बोट न उचलता फक्त सैल करून पाहतोय. वेगात ते अजून जमत नाही. ६० वर आणून डिले १००० मिलिसेकंद केला की जमतं.