सिस्टर, एवढं लिहिता तरी काय?

गेल्या महिन्यात न्यूमोनियाने भरती झालेल्या एका आजोबांच्या बायकोने मला जरा चिडूनच विचारलं, "सिस्टर, यांच्याकडे बघायचं सोडून तुम्ही आल्यापासून लिहितायच. एवढं लिहिता तरी काय?" रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी युरोबॅगवरचा, म्हणजे लघवीच्या पिशवीवरचा, आकडा उतरवत होते. "हिशेब आहे, काकू," म्हटलं आणि पुढच्या बेडकडे गेले. एकोणीस वर्षं वॉर्डात काढली, हा प्रश्न किती नातेवाइकांनी विचारला याची गणती नाही, आणि दरवेळी असंच काहीतरी तुटक बोलून सुटले. आज मात्र बसून सांगते.

रात्री आठला आलं की आधी ओव्हर घ्यायची. दुपारची सिस्टर प्रत्येक बेडपाशी उभी राहून पेशंट माझ्या ताब्यात देते: व्हेन, म्हणजे शिरेतली सुई, कुठल्या हाताला आहे, सलाईन किती उरलंय, संध्याकाळचं इंजेक्शन गेलं का, लघवी किती झाली. चौदा पेशंट. सकाळी आठला तेच चौदा मला पुढचीच्या हाती द्यायचे असतात. मधल्या बारा तासांत डोकं दगा देतं. सहा नंबरचा ताप आणि नऊ नंबरची उलटी यांची अदलाबदल पहाटे चारला सहज होते. म्हणून आम्ही मायक्रोपोरची चिकटपट्टी ॲप्रनवर चिकटवून त्यावर आकडे टिपतो आणि जागेवर आलं की चार्टवर उतरवतो. आमच्याकडे रात्रीची नोंद लाल शाईत. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही, व्हाइटनर कधीच नाही. खोडलेलंही वाचता आलं पाहिजे.

त्याच आजोबांचं घ्या. दोन वाजता ताप १०२. पॅरासिटामॉलची ऑर्डर होती, दिली. चारला ताप उतरला. आता मी दोनची गोळी लिहिलीच नाही असं समजा. नऊच्या राउंडला डॉक्टरांना फक्त उतरलेला ताप दिसतो. अँटिबायोटिक लागू पडलं असं त्यांना वाटतं, ते तेच चालू ठेवतात, आणि खरं म्हणजे ते औषध काहीच करत नसतं. चार अक्षरांची नोंद राहिली की अख्खा दिवस फुकट जातो. न्यूमोनियात एक दिवस थोडा नसतो.

इन्सुलिनची गोष्ट तर अजून बारीक. डोस लिहिताना आकड्यापुढे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. घाईत इंग्रजी यू काढला आणि त्याचं वरचं तोंड मिटलं, की तो शून्य दिसतो आणि दहाचे शंभर वाचले जातात.

कॉलेजात ट्यूटर घोकून घ्यायच्या, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. त्याची उलटी बाजू मला कुणी शिकवली नव्हती, ती मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नोकरीचं दुसरं वर्ष. रात्री एक पेशंट गंभीर झाला, त्याच्यामागे दोन तास गेले, बाकीच्यांची चारची बीपी राहिली. सहाला चार्ट भरायला बसले. त्यांतल्या एकाची आधीची बीपी १२०/८०, पेशंट बरा दिसत होता, मी चारच्या रकान्यात १२०/८० टाकून मोकळी झाले. सकाळी इन्चार्ज सिस्टरनी चार्ट समोर धरला आणि म्हणाल्या, "चारला हा पेशंट कुठे होता गं?" तो खाली सीटी स्कॅनला होता. साडेतीनला गेला, पाचला परत आला. नेण्याची नोंद मीच केली होती, माझ्याच लाल अक्षरात, वरच्याच ओळीत.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मला त्या आकड्यावर रेघ मारायला लावली आणि 'चारला बीपी घेतली नाही' असं लिहून सही करायला लावली. ती सही करताना हात जड झाला होता. राहिलेल्या नोंदीचं कारण सांगता येतं. न घेताच लिहिलेल्या बीपीचं काय सांगणार? आणि त्या चार्टवरच्या माझ्या बाकीच्या सगळ्या खऱ्या आकड्यांवरही त्या दिवशी संशय आला.

सहीचं म्हणाल तर ती हॉस्पिटलची नसते, माझी असते. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका अधिनियमाखाली नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी माझ्या नावावर आहे. हॉस्पिटल बदललं तरी ती माझ्याबरोबर येते. आणि एक गोष्ट वॉर्डातल्या बऱ्याच पोरींनाही ठाऊक नसते. पूर्वी निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती, आरोपी कुणीही असो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये ही मर्यादा पाच वर्षांवर गेली. उपचार करताना असं घडलं तर नोंदणीकृत डॉक्टरला मात्र दोनच वर्षं. त्या सवलतीच्या व्याख्येत नर्स बसत नाही. एकाच बेडशी दोघं उभे, पण कायद्याने मोजलेलं माप वेगळं. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे.

म्हणून मध्यरात्री फोनवर ऑर्डर मिळाली की मी ती मोठ्याने परत म्हणते, दुसऱ्या सिस्टरला ऐकवते, वेळेसकट लिहिते आणि सकाळी डॉक्टरांची सही घेते. काही डॉक्टर वैतागतात. वैतागू देत. पेशंटने औषध नको म्हटलं तर तेही लिहायचं, त्याच्याच शब्दांत. नको म्हणायचा त्याला हक्क आहे, 'सहकार्य करत नाही' असं लिहून तो हक्क पुसायचा नाही.

पण काकूंचं अगदीच चूक नव्हतं. आम्ही जे लिहितो त्यातला बराच भाग पेशंटच्या कामाचा नसतो. एकच बीपी तीन ठिकाणी, तपासणीला येणाऱ्यांना दाखवायचे फॉर्म, 'पडण्याचा धोका' दर पाळीला नव्याने, पेशंट तीन दिवस जागचा हललेला नसला तरी. चौदा पेशंटमागे दोन सिस्टर दिल्या तर हे सगळं जमेल. एकीने करायचं तर एकतर पडून असलेल्या पेशंटच्या पाठीला हात लागत नाही किंवा कागदाला. आणि कागद मागे राहिला तर साहेब विचारतात, पाठीचं कोणी विचारत नाही.

पाठ म्हटलं की मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवतात. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, २०१५ मध्ये त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी, पिढ्या बदलत, त्यांना सांभाळलं. यातल्या कित्येकींनी त्यांना कधी बोलताना पाहिलेलं नव्हतं. ओव्हर देणं-घेणं याच्याइतकं लांब मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

तर काकू, त्या कागदांवर तुमचाही हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती पेशंटचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात, आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. मागाल तेव्हा नर्सिंग नोट्स असं वेगळं नाव घेऊन मागा. डिस्चार्ज कार्डात त्या नसतात, आणि रात्री दोनची गोळी त्या नोट्समध्येच सापडेल.