त्यांचा आंबा निघाला

पाडवा तोंडावर. रात्री उशिरा.

‘सोल्ड आउट. पुढचं बुकिंग एप्रिलमध्ये.’ वहाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्याच्या पल्याडच्या बागवाल्यांच्या स्टोरीत एवढंच होतं. हापूसच्या पेट्यांची थप्पी, वर झेंडूची माळ, मागे ढोल-ताशा. पंधरा सेकंदही नसतील. ती स्टोरी बघितल्यापासून जेवणात लक्ष नाही आणि आता झोपही नाही.

नवल काहीच नाही त्यात. त्यांची कलमं समुद्राकडच्या कातळावर, उघड्यावर. दगड तापतो, फळ लवकर तयार होतं. आमची आत, वलाटीला, थंड जमिनीत. मोहरच उशिरा आला तर आंबा लवकर कुठून येणार? मोहर फुलल्यापासून साधारण ११० ते १२० दिवस धरायचे. नोव्हेंबरअखेर फुललेलं कलम मार्चच्या उत्तरार्धात निघतं, डिसेंबरअखेर फुललेलं एप्रिलच्या शेवटी. बोटांवर मोजता येतं. तरी मनात एकच घोळतंय, आपण मागे पडलो.

मागे म्हणजे कुणाच्या? सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा तेव्हा हे असं व्हायचं नाही. आपल्या पेट्या तिथल्या हजारोंत मिसळायच्या, दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, यायची, भाव कमी लागला की त्याच्या नावाने बोटं मोडायची, संपलं. शेजाऱ्याला काय मिळालं ते चहाच्या टपरीवर कळायचं, तेही त्याने सांगितलं तेवढंच. थेट विक्रीने दलाली सुटली खरी. पण आता प्रत्येकाची पट्टी रोज रात्री आपल्या उशाशी.

माणूस स्वतःला आपल्यासारख्याच माणसाशी ताडून बघतो, असं फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलंय. खरंच आहे. जामनगरला रिलायन्सची केवढी मोठी आमराई आहे, तिचा मला कधी हेवा वाटला नाही. वहाळापलीकडच्या कलमांचा वाटतो.

आणि हे फेब्रुवारीपासून चाललंय. मुहूर्ताची पेटी, तिला हळदकुंकू, टेम्पोपुढे नारळ, पेपरात फोटो, पाच आकडी भाव. त्या पेटीमागे काय असतं ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पावसात, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, कल्टार, म्हणजे मोहर लवकर आणणारं औषध, घातलेलं असतं. कलमाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा, मीटरला ३ मिली या हिशेबाने औषध पाण्यात कालवायचं, बुंध्याभोवती गोलाकार भोकं पाडून सगळ्यांत सारखं ओतायचं. शिफारस दापोलीच्या कृषी विद्यापीठाची. मोहर तीन-चार आठवडे आधी येतो. मग तुडतुडे, फुलकिडे, भुरी यांच्यातून तो वाचवायचा. थंडी लांबली तर वाटाण्याएवढं फळ धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहर फुटतो, आणि आधीची बारीक फळं गळून जातात. एवढं सगळं पार पडल्यावर चार कलमांवरची फळं शोधून शोधून एक पेटी भरते. तिला हंगाम म्हणत नाहीत. शिवाय कल्टार घातलेल्या कलमाची भूक वाढते. खत त्या मानाने वाढवलं नाही, तर काही वर्षांत ते थकतं. थकलेल्या कलमाचं रील कोण काढणार?

हे सगळं माहीत असूनही पोटात पडलेला पीळ काही सुटत नाही. माहिती वेगळीकडे राहते आणि जळफळाट वेगळीकडे, असं दिसतंय.

त्यांच्या रीलवरच्या व्ह्यूंचंही तसंच. एकाच माणसाने तीनदा चालवलं की तीन व्ह्यू. पैसे भरून पसरवलेलेही त्यातच मिळवलेले. बघणारे निम्मे लखनौ-पाटण्याचे निघाले तर त्यांना पेटी पोचवणार कोण, कशी? बघायचं असेल तर बघावं की पोचलेल्या खात्यांत मुंबई-पुण्याची किती, किती जणांनी शेअर केलं, आणि शेवटी भाव विचारणारे मेसेज किती आले. दुसऱ्याच्या खात्यातले हे आकडे आपल्याला दिसत नाहीत, दिसतो तो वरचा मोठा आकडा. जाहिरातीचा हिशेबही करून बघावा. ५,००० रुपयांची लावली की १८ टक्के जीएसटी धरून ५,९०० गेले. त्यातून वीस नवी गिऱ्हाइकं आली, प्रत्येकाने दोन डझन घेतले, तर डझनामागे १४७ रुपये ५० पैसे नुसते ओळख करून घ्यायचे. दलाल बरा होता म्हणायची पाळी. पुढच्या वर्षी तीच माणसं परत आली तर हा खर्च फिटतो, एरवी नाही.



हेवा वाटतो याचं एवढं काही नाही. वाटू दे. धास्ती वेगळीच आहे. हा हेवा फोनमधून निघतो आणि झेल्यात, म्हणजे आंबे काढायच्या काठीच्या जाळीत, उतरतो. ‘त्यांचा निघाला, आपलाही काढूया, थोडा’, हे वाक्य या दिवसांत घराघरांत ऐकू येतं. आंबा चौदा आण्यांवर काढायचा असतो, म्हणजे सोळा आणे पूर्ण तयार धरले तर त्यातले चौदा. खांदे देठाच्या वर आले पाहिजेत, देठाशी खळगा पडला पाहिजे, गडद हिरवा जाऊन पोपटी छटा आली पाहिजे. शंका असली तर बादलीभर पाणी पुरतं. कोवळं फळ तरंगतं, तयार झालेलं बुडतं. दहा आण्यांवर काढलेलं फळ पिवळं होतं, नाही असं नाही, पण सालीला सुरकुती पडते, वास येत नाही आणि गोडी तर नाहीच. त्यात घाईत देठ मोडला की चीक ओघळतो, साल डागते, आणि देठाकडूनच कुजायला लागतं. म्हणून नूतन झेल्याने देठासकट काढायचं, ऊन चढायच्या आत, आणि सावलीत ठेवायचं. त्या वेळी हात थरथरत असेल कुणाच्या स्टोरीमुळे, तर काय उपयोग?

पिकवण्यातही तीच घाई. गवतात थर लावून ठेवलेला आंबा आठ-दहा दिवस घेतो, हवा थंड असेल तर जास्त. रोज उलटापालट करून बघावं लागतं, एक नासका थर बिघडवतो. कार्बाइडला बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, चालतो, त्याने चार-पाच दिवसांत रंग येतो, आणि तयार फळाला दिला तर त्यात गैर काही नाही. पण कोवळ्या फळाला बाहेरून कितीही काही द्या, झाडावर न भरलेली गोडी आत कुठून येणार?

आणि जास्त थांबलं तर साका. हा आमचा जन्माचा वैरी. वरून सोन्यासारखं फळ, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखं, आंबूस. बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. झाडावर जास्त पिकू दिलं, खालची जमीन उघडी तापली, की वाढतो. कलमाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं तर थोडा आटोक्यात राहतो. शंभर डझनांत शेकडा पाच फळं साक्याची निघाली तर साठ फळं, म्हणजे पाच डझन बदलून द्यायचे, वाहतुकीसकट. स्टोरीत ‘सोल्ड आउट’ दिसतं, त्यानंतर पंधरा दिवसांनी येणारे कापलेल्या आंब्यांचे फोटो दिसत नाहीत. ते त्यांनाही येत असणारच. (हे लिहिताना जरा बरं वाटलं. नको वाटायला, पण वाटलं.) साका नको म्हणूनच दापोलीने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ काढला. साका नाही, फळ मोठं, चवीला चांगलं. बाजारात मात्र अजून सगळ्यांना हापूसच हवा.

वहिनी पाणी प्यायला उठली, दिवा बघून आत डोकावली. फोन दाखवला. बघून म्हणाली, “भावजी, तेंचो आंबो फोनात पिकता. तुमचो गवतात पिकूचो आसा. निजा आता.”

निजलो नाही, पण पीळ जरा सैल पडला. हसूच आलं. त्यांनाही कुणाची तरी स्टोरी बघून रात्री झोप येत नसेल. कर्नाटकचा आंबा आपल्याकडच्या हापूसच्या नावाने विकणारा एखादा त्यांच्याही आधी ‘सोल्ड आउट’ लिहीत असेल, आणि त्याच्याकडे बघून हे घाई करत असतील. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ च्या हंगामापासून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने कोड असलेले स्टिकर आणले, बागेची नोंद आणि कलमांचा हिशेब बघून देतात. चांगलं झालं. पण आंबा कुणाचा ते स्टिकर सांगेल, किती आण्यांचा ते नाही सांगणार.

बँकेच्या हप्त्याचं मात्र... ते उद्या.

गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकायला हे लिहून ठेवलंय:

“आमचा आंबा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होईल. अक्षय्य तृतीयेला मिळणार नाही. फळ २५० ते ३०० ग्रॅम, दोन डझनांची पेटी. कच्चा पाठवू. पोचल्यावर पेटी उघडून ठेवा, गवत काढू नका, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये घालू नका. वास सुटला आणि देठाजवळ बोटाने किंचित दबलं की खायला घ्या. साका निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, फळामागे फळ देऊ.”

वहिनीच्या मते दुसऱ्याच वाक्यात ‘मिळणार नाही’ लिहिणारा विक्रेता तिने अजून पाहिला नाही. बदललं नाही. भाव शेवटी घालणार आहे. फोटो पेटीचा नाही, पेट्या अजून शिवायच्याच आहेत. झाडावरच्या कैरीचा काढला, शेजारी काडेपेटी धरून, म्हणजे आकार कळेल.