होडी लहान, समुद्र मोठा

होडी दोन सेंटिमीटरची काढायची, बाकी सगळी पट्टी समुद्राची. व्हिएतनामी निर्वासितांच्या स्मरणार्थ वाचनखूण करताना पहिली चूक इथेच होते. होडी मोठी, ऐटदार आणि शिडाची होऊन बसते. ३० एप्रिल १९७५ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडल्यानंतरच्या वर्षांत लोक निघाले ते बहुतेक नदीतल्या आणि किनाऱ्यालगतच्या मासेमारीच्या लाकडी होड्यांतून, इंजिनाच्या भरवशावर. खचाखच माणसं भरल्याने होडीचा काठ पाण्याला टेकायला आलेला. म्हणून काठ आणि पाणी यांत केसाएवढीच फट ठेवा. चेहरे नकोत, एकमेकांना चिकटलेले ठिपके पुरे. दक्षिण व्हिएतनामच्या होड्यांच्या लाल नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, गोल डोळे रंगवलेले असतात, तो डोळा मात्र हवाच.

झेंड्याबाबत सांभाळा. आजचा तांबडा, पिवळ्या ताऱ्याचा झेंडा ज्या राजवटीपासून ही माणसं पळाली तिचाच. त्यांचा, म्हणजे जुन्या दक्षिण व्हिएतनामचा, झेंडा पिवळा, तीन लाल आडव्या पट्ट्यांचा. आमच्या मते झेंडा नसलेलाच बरा.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), जलरंगाचा. पट्टी ५ बाय १८ सेंटिमीटर. कापण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वळतो, ती घडी पट्टीच्या लांबीला समांतर यायला हवी, नाहीतर नाशिकच्या पावसाळ्यात पट्टी सुरळीसारखी वळते. होडी वॉटरप्रूफ शाईनेच काढा. फाउंटन पेनची शाई रंगाच्या पाण्यात पसरून होडी खरोखरच बुडते. जुलै-ऑगस्टमध्ये शाई रात्रभर वाळू द्या. मग चारही कडांना मास्किंग टेप लावून, बोर्ड थोडा तिरका धरून इंडिगोचा (गडद निळ्या रंगाचा) हात वरून खाली एका दमात ओढा. अर्धवट वाळलेल्या रंगात पुन्हा कुंचला घातला की डाग फुलतो, तो पुसता येत नाही.

मागे दोनच ओळी पुरतात. १९७५ ते १९९५ या काळात सुमारे ८ लाख माणसं होड्यांतून किनाऱ्याला लागली. बुडालेल्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. तिसरी ओळ मावलीच तर पुलाव बिदोंगची: मलेशियातलं जेमतेम एक चौरस किलोमीटरचं बेट, जून १९७९मध्ये त्यावर सुमारे ४०,००० माणसं.

लॅमिनेशन टाळा. खरबरीत कागदात हवा अडकते आणि कडा सुटतात. गोंड्याचा लाल दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. रंग सुटला तर तो वापरू नका; सार्वजनिक वाचनालयातल्या एखाद्या जुन्या, दमट पानावर तो डाग कायमचा राहील.