हाड जुळेपर्यंत हापशीला हात नाही

मंगळवार. कापूस वेचणीचे दिवस.

ओपन-हार्ट होऊन घरी आलेला माणूस पहिले काही दिवस आपसूकच जपून असतो, कारण दुखतंच तेवढं. जपायची खरी वेळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. टाके सुकलेले, भूक परतलेली, आणि वावरात कापूस फुटलेला. पण वरची कातडी जुळली तरी आतलं हाड जुळलेलं नसतं. छातीचं मधलं हाड उभं कापून तारांनी बांधलेलं असतं. त्याला धरायला ६ ते ८ आठवडे आणि पक्कं व्हायला ३ महिन्यांच्या आसपास लागतात. साखरेचा आजार असेल तर आणखी उशीर.

तोवर ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली बादलीसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे जाते. हापशी तर सगळ्यात वाईट: दांडा दाबताना सगळा जोर छातीवरच. विहिरीचा दोर, बैलाचा कासरा, मोटारसायकलचं हँडल, हेही नकोच. अचानक बसणारा हिसका तारांवर जातो. हालचालीत छातीत कट्कट वाजलं, हाड सरकल्यासारखं वाटलं, तर ऑपरेशन जिथे झालं तिथेच दाखवायचं.

बाजेकडे कोणी लक्ष देत नाही. झोळ पडलेल्या बाजेतून उठायला दोन्ही हातांनी रेटावं लागतं, म्हणून ती कसून ताणावी किंवा सरळ पलंग वापरावा. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग त्यांच्या वजनानंच धड वर येऊ द्यायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. दाबून ठेवलेला कफ फुप्फुसात साचतो, त्यामुळे खोकणं टाळून चालत नाही.

चालणं सपाट रस्त्यावर, ऊन पडल्यावर. सुरुवातीला ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मग रोज थोडं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता आलं पाहिजे. रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन घ्यावं. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात २ किलो वाढलं, पाय सुजले, आडवं पडल्यावर दम लागला, तर अंगात पाणी साचतंय. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

हृदयात धातूची झडप बसवलेल्यांचं गणित वेगळं. रक्त पातळ करणारी गोळी रोज ठरल्या वेळी, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, सांगितलेल्या तारखेला. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण हिवाळा आला म्हणून रोज ताटभर आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असं झालं की गोळीचा हिशेब बिघडतो. दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी या औषधासोबत पोटात रक्तस्राव करू शकते. दात काढायचा असेल तर झडपेचं आधी सांगावं.

आता खर्रा. बिडी सुटते, खर्रा मात्र 'नुसता तोंडात' म्हणून चालू राहतो. निकोटीन तोंडातूनही रक्तात जातं, ठोके वाढवतं, नसा आवळतं. शिवाय बायपासनं आजार जात नाही, फक्त रक्ताला नवी वाट मिळते, आणि तीही बुजू शकते. घरच्यांनी पुडी आणून देणं तरी थांबवावं.

मन उदास होणं, विनाकारण रडू येणं या काळात पुष्कळांना होतं. दोन-तीन आठवड्यांत ओसरलं नाही, तर तपासणीला गेल्यावर तेही सांगावं. जखमेतून पू आला किंवा ताप १००.४ च्या वर गेला तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. छातीत दाब किंवा धाप वाढली तर लगेच १०८.