बंदी घालता येते, स्पर्धा भरवता येत नाही

शनिवार, रात्री साडेअकरा

पूल, म्हणजे क्यूने (लांब काठीने) टेबलावरचे बॉल पॉकेटात घालायचा खेळ. त्याचा कारभार हाकणाऱ्यांचा आज पुन्हा संताप आला. झोप लागायची नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूपीए, ही पूलची जागतिक संघटना १९८७ पासून आहे. इतक्या वर्षांत साधं वेळापत्रक धड नाही. नाइन बॉल, टेन बॉल, एट बॉल हे पूलचेच प्रकार. पुरुषांचं नाइन बॉलचं जागतिक अजिंक्यपद २००७ नंतर थेट २०१० मध्ये, दोहाला. टेन बॉलचं २०११, मग २०१५, मग २०१९. एट बॉलचं तर २०१२ नंतर एकदम २०२२ मध्ये! दहा वर्षं. पंचविशीतला खेळाडू पस्तिशीला आला तेव्हा कुठे पुढची संधी. हात स्थिर असतात, नजर पक्की असते, ती वर्षं कुणी भरून द्यायची?

बरं, स्वतःला जमत नाही तर ज्याला जमतंय त्याला करू द्यावं. मॅचरूम या खासगी आयोजक कंपनीने २०२४ मध्ये जेद्दाला नाइन बॉलचं अजिंक्यपद भरवलं, एकूण बक्षीस दहा लाख डॉलर. फेडोर गोर्स्ट जिंकला, त्याला अडीच लाख मिळाले. पूलमध्ये एवढा पैसा क्वचितच दिसतो. आणि त्याच वर्षी मॅचरूमच्याच हनोई ओपन स्पर्धेवरून काय रामायण झालं! स्पर्धेला मान्यता नाही, जो खेळेल त्याच्यावर कारवाई, असा या खेळांच्या आशियाई महासंघाचा पवित्रा आणि डब्ल्यूपीए त्यांच्या पाठीशी. भांडण संघटना आणि आयोजकांचं, मानेवर सुरी खेळाडूच्या. बहुतेक खेळाडू तिकीट, हॉटेल, प्रवेश फी सगळं स्वतःच्या खिशातून भरतात. खेळावं तर बंदीची भीती, न खेळावं तर कमाई बुडाली. जी संघटना त्याला पगार देत नाही, तिने त्याचं काम कोणत्या तोंडाने अडवावं?

मॅचरूम म्हणजे धर्मादाय संस्था नाही, हेही मला कळतं. धंदा आहे, परवडेनासा झाला की गाशा गुंडाळतील. २००६ मध्ये रीनोला इंटरनॅशनल पूल टूरची मोठी स्पर्धा झाली. फिलिपिन्सचा दिग्गज एफ्रेन रेयेस जिंकला, पहिलं बक्षीस पाच लाख डॉलर. आयोजकांकडे द्यायला एकरकमी पैसेच नव्हते. रेयेससारख्या माणसाला जिंकलेल्या पैशांसाठी थांबावं लागलं! म्हणून तर संघटना हवी. कणखर हवी. संघटना नकोच म्हणणाऱ्यांतला मी नाही, माझी चीड नेमकी तिच्या नाकर्तेपणाची आहे.

आज पार्लरमध्ये अकरावीतली मुलगी सरावाला आली होती. नाइन बॉलचा रॅक, म्हणजे सुरुवातीची बॉलची मांडणी, लावताना विचारते, "दादा, स्पॉटवर एक ठेवू की नऊ?" प्रश्न बरोबरच आहे. एक नंबरचा बॉल स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या खुणेवर, असला आणि ब्रेक, म्हणजे रॅक फोडणारा पहिला फटका, नीट बसला की कडेचा बॉल कोपऱ्यात सहज जातो. मॅचरूमच्या पद्धतीने नऊ स्पॉटवर ठेवला की सगळा रॅक पुढे सरकतो आणि तो बॉल तसा जात नाही, ब्रेक वेगळाच शिकावा लागतो. पॉकेटचंही तेच. बॉल सव्वादोन इंचांचा. आमच्या टेबलावर तिने कोपऱ्याच्या तोंडाशी दोन बॉल शेजारी ठेवून पाहिले, अगदी मापात बसले. डब्ल्यूपीएच्या नियमात कोपऱ्याचं पॉकेट किमान साडेचार इंच. मॅचरूमच्या टेबलावर ते चारच्या आसपास असतं, तिथे दोन बॉल शेजारी मावणारच नाहीत. कुशनला घासत आलेला बॉल इथे आत पडतो, तिथे जबड्याला लागून बाहेर राहतो. नऊ बॉलचा एकच खेळ, पण तिने सराव कुठल्या मापाचा करायचा? क्रमवारीसुद्धा दोन, एक डब्ल्यूपीएची, एक मॅचरूमच्या टूरची.

तिला न्यायला वडील आले होते. ते म्हणाले, "सर, हिला स्नूकरकडेच वळवू का? तिथे निदान पुढचा रस्ता दिसतो." मी नको म्हणालो. तिचा हात पूलचा आहे, ब्रेकनंतर टेबल वाचण्याची तिची समज या वयात मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. पण वडिलांची काळजी खोटी आहे असं म्हणण्याचं धाडस मला झालं नाही.

हे पुण्यात घडतंय याचं जास्त वाईट वाटतं. विल्सन जोन्स इथे जन्मले, १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, पंकज अडवाणीचा जन्मही इथलाच. क्यूच्या खेळांत आपल्याकडे माणसं कमी नाहीत. तरी २०१० च्या ग्वांगझूनंतरच्या तिन्ही एशियाडमध्ये, इंचॉन, जकार्ता, हांगझोऊ, हे खेळ नव्हतेच.

माझं मागणं मोठं नाही. बक्षिसाची रक्कम आधी बँकेत जमा झाल्याशिवाय मान्यता देऊ नये. पुढच्या दोन वर्षांच्या तारखा आज जाहीर कराव्यात. आणि खेळाडूवर बंदी घालायची तर कारभारात खेळाडूंना मत असलं पाहिजे, आज जे काही ठरतं ते खेळाडूला नंतर कळतं. उद्या सकाळी क्लबात चार जुनी खेळणारी मंडळी भेटणार आहेत. एक पत्र तयार करून सह्या घेतो आणि राष्ट्रीय फेडरेशनला पाठवतो. जागतिक संघटनेपर्यंत आवाज न्यायचं काम त्यांचंच आहे, त्यांनी ते करावं.