पंधरा काळुंदर, अर्धा पिक्सेल

माशांच्या थव्याच्या चित्रणावरून काढलेल्या आलेखात कमान पहिल्याच फाइलीत आली. मधे फुगलेली, दोन्ही टोकांना खाली उतरलेली, थेट पाठ्यपुस्तकात छापावी अशी. या धंद्यात पहिल्या फटक्यात काही नीट येत नाही हे ठाऊक असूनही आम्ही दोन आठवडे तिच्यावर खूश होतो. मग एका दुपारी कळलं की तिच्यातला बराच भाग माशांनी नाही, कॅमेऱ्याने काढलाय. बराच म्हणजे नेमका किती, हे अजून सुटलेलं नाही.

आधी कमान कसली ते सांगतो. थव्यातल्या प्रत्येक माशाची दिशा एक लांबीच्या बाणाने दाखवायची आणि सगळ्या बाणांची सरासरी काढायची. उरतो तो एक बाण, आम्ही त्याला ‘एम’ म्हणतो. सगळे एकाच दिशेला चालले असतील तर त्याची लांबी १. जो तो आपल्याच तंद्रीत असेल तर शून्याच्या जवळ, पण शून्य नव्हे. एक भागिले माशांच्या संख्येचं वर्गमूळ, इतकी साधारण उरतेच. १५ माशांना ०.२६, ६० माशांना ०.१३. हे विसरून लहान थव्यात ‘शिस्त’ सापडल्याचं सांगणारे लोक भेटतात. लोहचुंबकातही अणूंच्या बाणांची अशीच सरासरी घेतात, पण तिथे अणू इतके असतात की एकेकाचा चुकारपणा सरासरीत बुडून जातो. इथे मासे पंधरा. काहीच बुडत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ विचेक आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली थव्याचं जे मॉडेल मांडलं त्यात प्रत्येक जण शेजाऱ्यांची सरासरी दिशा घेतो, वर थोडी चूक करतो. चूक वाढवत नेली की शिस्त मोडते. त्यामुळे अशी चूक, म्हणजे नॉइज, ही शिस्तीची शत्रू हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतल्या विश्वेश गुट्टल यांच्या गटाने २०२० साली ‘नेचर फिजिक्स’मध्ये याच्या उलट दाखवलं, तेही काळुंदरवर. हा मासा गोव्या-कोकणात तळून खातात, केरळात करीमीन म्हणून त्याचा थाट आणखी मोठा. त्यांनी १५, ३० आणि ६० पिल्लांचे गट घेतले आणि लहान गट जास्त शिस्तीत पोहताना दिसला. कारण असं: एक मासा एखाद्याच सोबत्याची नक्कल करतो, कधीमधी आपल्या मनानेही वळतो. गट अनंत मोठा असता तर एवढ्यावर शिस्त जमलीच नसती, एम शून्याकडेच ओढला गेला असता. ही ओढ म्हणजे ड्रिफ्ट, आणि ती सरळ रेषेत असते. पण लहान गटात कोणी कोणाची नक्कल केली यातला योगायोग एमला धक्के देत राहतो. सगळे विखुरलेले असताना धक्का सर्वांत मोठा. सगळे एका दिशेला असले की नक्कल करून काहीच बदलत नाही, धक्काही जवळजवळ संपतो. म्हणून एम मधून, शून्याजवळून, फेकला जातो आणि कडेला, एकच्या जवळ, अडकतो. एमच्या कुठल्या किमतीला धक्का केवढा, याचा आलेख म्हणजे डिफ्यूजन. तीच आमची कमान. धक्क्याचा वर्ग माशांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात उतरायला हवा, ही तिची दुसरी खूण.

चित्रणातून ड्रिफ्ट आणि डिफ्यूजन काढण्याची हीच रीत आम्हाला वेगळ्या वयाच्या पिल्लांवर चालवायची होती.

मांडणीत काय बिघडतं ते कोणी लिहीत नाही. पाणी बोटाच्या लांबीइतकंच ठेवायचं, नाहीतर मासे एकमेकांखाली शिरतात आणि वरून दोघांचा एक ठिपका दिसतो. चित्रण चालू असताना पाण्यात हवा सोडणारा एरेटर बंद, कारण लाटेने ठिपका हलतो. ट्यूबलाइट चालत नाही, ती सेकंदाला १०० वेळा मिणमिणते आणि चित्रातला उजेड कमीजास्त होत राहतो. डीसीवर चालणारे एलईडी लागतात. ऑटो एक्स्पोजर बंद. टाकी गोल, कारण चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात मासे कोंडाळं करतात. गोल टाकीची खोड वेगळी: सगळे भिंतीलगत गोल फिरू लागले की बाण एकमेकांना खोडतात आणि एम शून्य येतो, प्रत्यक्षात थवा कवायत करत असतो. म्हणून फिरण्याचा आकडा वेगळा काढावा लागतो. ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे फ्रेमागणिक एकेका माशाचा माग काढताना, दोन माशांची ओळख अदलाबदल झाली तरी अदलाबदलीची ती एक फ्रेम सोडता एमला फरक पडत नाही, बेरीज तीच राहते. या एका गोष्टीमुळे आम्ही ट्रॅकिंगकडे जरा निष्काळजीपणे पाहिलं.

टाकी सांभाळणारे मामा त्या दुपारी सहज म्हणाले, “सर, तो भिंतीजवळचा काल एक तास जागचा हलला नाही.” मी कालच्या फाइलीत तो मासा काढला. पडद्यावर त्याचा बाण सेकंदाला पंचवीस वेळा नाचत होता. पूर्व, नैऋत्य, उत्तर, पुन्हा पूर्व.

हिशेब सोपा आहे, इतका की लाज वाटते. आमच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर, आणि सेकंदाला २५ फ्रेम. ठिपक्याचा मध्य शोधताना अर्धा पिक्सेल इकडेतिकडे होतोच. दिशा आम्ही दोन फ्रेममधल्या सरकण्यावरून काढत होतो. सेकंदाला ५ सेंटिमीटर पोहणारा मासा एका फ्रेममध्ये २ पिक्सेल सरकतो. दोन्ही टोकांच्या चुका मिळून दिशेत साधारण २० अंशांची गफलत. सेकंदाला १ सेंटिमीटर सरकणाऱ्याची तर दिशा नसतेच, नुसता पाचोळा. थांबलेल्या माशाला शरीर आहे, तोंड आहे, ते कुठे वळलंय हे मामांना दिसतं. आमच्या प्रोग्रामला दिसत नव्हतं.

मग मी तो साधा आलेख काढला जो पहिल्या दिवशी काढायला हवा होता: आडव्या अक्षावर काळातलं अंतर, उभ्यावर तेवढ्या काळात एममध्ये होणाऱ्या बदलाच्या वर्गाची सरासरी. धक्के खरे असतील तर बिंदू शून्यातून निघून सरळ वर चढतात. आमचे शून्यातून निघत नव्हतेच. शिवाय एका फ्रेमचा बिंदू दोन फ्रेमच्या बिंदूच्या वर बसला होता. म्हणजे मासे कमी वेळात जास्त बदलतात, जास्त वेळात कमी. असा मासा जगात नाही. कारण ठिपक्यात: मधल्या फ्रेममधला ठिपका आधीच्या सरकण्याचं टोक असतो आणि पुढच्या सरकण्याची सुरुवात. त्याची चूक एका बाणाला एकीकडे ढकलते आणि पुढच्याला उलटीकडे. त्यामुळे एका फ्रेमच्या अंतरावर चूक दोनपट नाही, तीनपट मोजली जाते. दोन फ्रेमच्या अंतरावर मधला ठिपका सामायिक राहत नाही, म्हणून आकडा खाली येतो.

डिफ्यूजन काढताना हीच सरासरी आपण काळाच्या अंतराने भागतो, आणि रीत सांगते की अंतर लहानात लहान घ्या. कॅमेऱ्याची चूक अंतर कमी केल्याने घटत नाही, भागाकार मात्र फुगत जातो. जितकी काटेकोर रीत, तितका खोटा आकडा मोठा. ड्रिफ्टचंही तेच. मोजलेल्या एममध्ये चूक असली की मोठी किंमत पुढच्या फ्रेमला आपोआप खाली येते, आणि शून्याकडे ओढणारी सरळ रेषा फुकटात मिळते. ड्रिफ्टसाठी अंतर मोठं घेतलं की हे दबतं, पण डिफ्यूजनला ती पळवाट नाही.

कमानीचा आकारही फुकटच. दिशेत थोडी चूक झाली तर बाणाच्या स्वतःच्या रोखात जवळजवळ काही बदलत नाही, आडव्या रोखात बदलतं. मासे एका दिशेला असताना त्या रोखातली चूक म्हणून मरते, विखुरलेले असताना जगते. झाली कमान. आडव्या रोखातला घटक वेगळा पाहिला असता तर चोरी पकडली गेली असती: खऱ्या नकलेच्या धक्क्यात तोही कडेला घटतो, कॅमेऱ्याच्या चुकीत वाढतो. आम्ही एकच घटक पाहिला, कारण तेवढ्यानेच जे हवं ते दिसत होतं.

पण मला खरा छळतोय तो संख्येचा पुरावा. गट मोठा केला तसा धक्क्याचा वर्ग हिशेबाने उतरला, आणि तिथेच आम्ही निर्धास्त झालो. पंधरा माशांच्या पंधरा स्वतंत्र चुकांच्या सरासरीचा वर्गही अगदी त्याच हिशेबाने उतरतो! ज्या कसोटीवर आमचा सगळा भरवसा, ती खऱ्या-खोट्यात फरकच करत नाही.

हे माशांपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. अर्थशास्त्रज्ञ अॅलन किरमन यांनी १९९३ साली दोन सारख्याच खाद्याच्या ढिगांमध्ये हेलकावे खाणाऱ्या मुंग्यांचं गणित बाजारातल्या दलालांना लावलं. गणित जवळजवळ हेच, नक्कल आणि अधूनमधून स्वतःचं मन. आता तेच लोकांच्या मतांना लावतात. मतचाचणीतल्या नमुन्याच्या चुकीचा वर्ग किती? पी म्हणजे एका बाजूच्या लोकांचा वाटा धरला तर पी गुणिले (एक वजा पी), भागिले नमुन्यातली माणसं. तीच कमान, आणि वर संख्येचा भागाकार. नकलेच्या मॉडेलमधला धक्काही हुबेहूब याच आकाराचा. आठवड्याच्या चाचण्यांवर असं मॉडेल बसवलेलं पाहिलं की मी आता पहिला प्रश्न नमुन्याचा विचारतो. एका चर्चेत भौतिकशास्त्रवाल्याने मला ‘आकार सार्वत्रिक आहे, तपशिलात काय अडकता’ असं ऐकवलं. तपशील म्हणजे त्याच्या लेखी मामा.

सध्या दिशा सरकण्यावरून नाही, ठिपक्याच्या लांब अक्षावरून काढतो. काळुंदर बाजूने ताटलीसारखा असला तरी वरून अरुंद दिसतो, अक्ष चांगला मिळतो. डोकं कुठलं, शेपटी कुठली, एवढंच दहा फ्रेमच्या सरकण्यावरून ठरवायचं. मार्ग गुळगुळीत करून घेण्याचा मोह टाळलाय. त्याने कॅमेऱ्याचा नॉइज जातो आणि माशांचाही. डिफ्यूजन आता भागाकाराने नाही, त्या साध्या आलेखाच्या चढावरून घेतो. पंधराच्या गटात कमान उरली आहे, पूर्वीपेक्षा बरीच बुटकी, पण आडव्या रोखातही कडेला उतरणारी. साठच्या गटात ठिपके एकमेकांना चिकटतात, अक्ष चुकतो, आणि तिथे मी अजून काही म्हणू शकत नाही.

दरम्यान, कमान देखणी होती तेव्हा मागवलेला सेकंदाला १०० फ्रेमचा कॅमेरा मंजूर होऊन आलाय. त्याच्यात सेकंदाला ५ सेंटिमीटर पोहणारा तोच मासा एका फ्रेमला अर्धा पिक्सेल सरकेल.